आयफोनमधला पोटभाडेकरू

पहिला आयफोन बाजारात यायला जेमतेम तीन आठवडे उरले होते. जून २००७ मधल्या ॲपलच्या परिषदेत स्टीव्ह जॉब्ज यांनी प्रोग्रामर मंडळींना सांगून टाकलं, की या फोनसाठी ॲप लिहायला वेगळं काही लागणार नाही. वेबसाइट बनवा, ती सफारी ब्राउझरमध्ये ॲपसारखीच चालेल. मंडळी हिरमुसली.

१० जुलै २००८ ला ॲप स्टोअर उघडलं. तिथल्या विक्रीतले तीस टक्के ॲपलचे ठरले. वेबसाइटच्या ॲपांबद्दलचा कंपनीचा उमाळा त्यानंतर ओसरला, यात गूढ काही नाही. मानाने बोलावलेला पाहुणा पोटभाडेकरू झाला: राहा, पण गच्चीची किल्ली मागायची नाही.

२०१५ साली फ्रान्सिस बेरिमन आणि अ‍ॅलेक्स रसेल यांनी अशा ॲपांना ‘प्रोग्रेसिव्ह वेब ॲप’ असं भारदस्त नाव दिलं. कल्पना साधी. वेबसाइटच फोनच्या होम स्क्रीनवर आयकॉन होऊन बसते. ‘सर्व्हिस वर्कर’ नावाची स्क्रिप्ट पानं साठवून ठेवते, त्यामुळे रेंज गेली तरी काम अडत नाही. रसेल गूगलच्या क्रोममध्येच असल्याने अँड्रॉइडवर या ॲपांची बडदास्त चांगली राहिली.

भारतात तर गंमतच झाली. मार्च २०१५ मध्ये फ्लिपकार्टने मोबाइल वेबसाइट बंद केली. खरेदी करायची तर ॲप घ्या! पण तो डेटा मोजूनमापून वापरायचा काळ, आणि फोनची मेमरी कायम भरलेली. त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘फ्लिपकार्ट लाइट’ हे वेब ॲप अवतरलं, आणि क्रोमच्या परिषदेत त्याचं कौतुकही झालं.

ॲपलच्या वाड्यात मात्र सवलती हप्त्याहप्त्याने मिळाल्या. सर्व्हिस वर्करला प्रवेश मार्च २०१८ मध्ये, आयओएस ११.३ बरोबर. अँड्रॉइडवर २०१५ पासून वाजणारी नोटिफिकेशन्स आयफोनवर वाजायला मार्च २०२३ उजाडला, तेही होम स्क्रीनवर जागा मिळवलेल्यांपुरतं. दुसऱ्या ब्राउझरकडे दाद मागावी, तर आयफोनवरच्या क्रोमच्या पोटातही सफारीचंच इंजिन!

‘इतरांच्या इंजिनांना वाट द्या’ असं युरोपीय संघाच्या कायद्याने बजावल्यावर, फेब्रुवारी २०२४ मध्ये कंपनीने अफलातून तोडगा काढला. संघाच्या देशांत होम स्क्रीनवरची वेब ॲपंच बंद करायची. कारण दिलं सुरक्षिततेचं. शिवाय म्हणे, ती वापरतं तरी कोण? ओरड झाली, युरोपीय आयोगाने विचारपूस सुरू केली, आणि १ मार्चला जागा खाली करण्याची नोटीस मागे घेतली गेली.

‘वापरतं कोण’ याचं उत्तर बटणाच्या पत्त्यात आहे. अँड्रॉइडवर क्रोम आपणहून विचारतो, इन्स्टॉल करू का? आयफोनवर वेबसाइटला तसं विचारायची मुभा नाही. मग पुण्यातला भाचा नाशिकच्या मावशीला फोनवरून वाट दाखवतो.

“मावशी, चौकोनातून वर जाणारा बाण दिसतोय का गं?”

“दाबला. व्हॉट्सअ‍ॅप आलं.”

“ते नाही. खाली सरकव. ‘ॲड टू होम स्क्रीन’.”

“अरे, मला ॲप हवंय.”

“तेच ॲप आहे.”

“मग स्टोअरमध्ये का नाही? चोरीचं नाही ना रे?”