मुठीचा प्रश्न

घोडबंदर रोडवरच्या आमच्या सोसायटीच्या माहितीपत्रकात बिल्डरने पूल छापला होता, आणि त्याने शब्द पाळला. फक्त या पूलमध्ये पाणी नाही, त्यावर हिरवं कापड आहे. पोहण्याचा तलाव न्यायप्रविष्ट असल्यामुळे आम्ही सभासद संध्याकाळी या कोरड्या पूलभोवती जमतो आणि चेंडू बुडवतो.

माझा बाकीचा खेळ बरा आहे, पण माझ्या तळहातांना घाम येतो. शाळेत पेपर ओला व्हायचा. आता बँकेत सही करताना हाताखाली रुमाल ठेवते आणि हजेरीचं यंत्र माझा अंगठा बघून मी या शाखेत कामालाच नाही असं रोज सकाळी जाहीर करतं. अशा बाईच्या हाती भाच्याने त्याची क्यू, म्हणजे पूल खेळायची काठी, दिली. न्यू जर्सीहून कायमचा परतताना त्याने मायक्रोवेव्ह विकला, क्यू मात्र मावशीला भेट दिली. यात प्रेम किती आणि सामानाचं वजन किती हे मी विचारलं नाही. दोन तुकड्यांत उघडणारी, मेपलची, मुठीच्या जागी नायलॉनचा दोरा गुंडाळलेली अशी ती अमेरिकन क्यू. हा दोरा गेल्या पावसाळ्यात सैल पडला आणि खेळता खेळता माझ्या अंगठीत अडकून उसवत गेला. तेव्हा प्रश्न आला, आता तिथे काय गुंडाळायचं?

काहीच नको, असं मार्करकाकांचं मत पडलं. मुंबईतल्या एका जुन्या जिमखान्यात हयात घालवून ते आता आमच्या मुलांना शिकवायला येतात. त्यांच्या लेखी बिलियर्ड्स हा धर्म, स्नूकर हा पंथ आणि पूल ही केवळ वाईट संगत. "मॅडम, स्नूकर कुठे जन्मला? जबलपुरात, १८७५ साली, इंग्रज अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये, ऐन पावसाळ्यात. गोऱ्यांना तिथे घाम आला नसेल? त्यांनी काठीला दोरा बांधला? विल्सन जोन्स १९५८ साली कलकत्त्यात बिलियर्ड्सचा जगज्जेता झाला, तो पुण्यात जन्मलेला. पंकज अडवाणीही पुण्यातच जन्मला, त्याच्या जागतिक विजेतेपदांचे दोन डझन कधीच उलटले. कुणाच्या क्यूला कधी वेष्टण बघितलंत? नुसतं लाकूड, वरून जवसाच्या तेलाचा हात."

मग त्यांनी माझी मूठ सोडवून दाखवली. अक्षरशः, एकेक बोट उचलून. मागच्या हाताने क्यू धरायचीच नाही, ठेवायची. अंगठा आणि पुढची दोन बोटं एवढाच तिचा आधार, बाकीच्या बोटांनी फक्त हजर राहायचं. घट्ट आवळलं की मनगट फिरतं, मनगट फिरलं की टोक फिरतं, आणि चेंडू शेजाऱ्याच्या घरी जातो. टिप चेंडूला भेटते ती सेकंदाचा सुमारे हजारावा भाग. तेवढ्यात मुठीखाली रेशीम होतं की सुतळी, हे चेंडूला कळण्याची सोय नाही.

"आणि दुसरं म्हणजे," काकांनी माझ्याकडे वरून खाली बघत जरा आवाज उतरवला, "तुमचा हात वेष्टणाच्या पुढे पडतो."

हे खरं होतं. क्यू ५८ इंचांची, मी ६०. म्हणजे आमच्यात फरक जेमतेम दोन इंचांचा, आणि तिच्या मुठीचं माप घेणाऱ्याने मला बघितलेलं नव्हतं. त्या फूटभर वेष्टणाच्या मागे उंच माणसाचा हात जातो, पुढे बुटक्याचा. ज्याचा बरोबर त्यावरच पडतो असा मध्यम उंचीचा माणूस अमेरिकेत कुठेतरी राहत असणार.

इथे विषय संपायला हवा होता. पण हात ठेवायचाच नसला तरी वेष्टण हवं, याबद्दल माझ्या मनात शंका नव्हती. दिवाणखान्यातल्या सोफ्यावर आपण कुठे बसतो? कापड मात्र चार दुकानं हिंडून आणतो.

आधी धोबीतलावला गेले. मुंबईत हातात धरायची कुठलीही वस्तू तिथल्या दुकानदाराला बॅट वाटते. त्याने क्यू उभी आडवी फिरवली, नाडी बघितल्यासारखी दाबली आणि रबराची ग्रिप काढली. "कोनवर चढवतो, झर्रकन बसेल. हिरवी देऊ की नारिंगी?" घामाच्या हाताला रबर वाईट नाही, खास क्यूसाठीही तसलं रबर मिळतं. पण रबर हात सोडत नाही, आणि काकांनी तर नुकतंच सोडायला शिकवलेलं. मी मान हलवली तसा त्याने बॅडमिंटनची टॉवेल ग्रिप काढली. ती धरून मला नेम धरण्यापेक्षा तोंड पुसावंसं वाटलं.

मग चामडं. भाच्याने फोनवर पर्याय वाचून दाखवले आणि मी ते सासूबाईंना ऐकवले, कारण घरात कातडं आणायचं तर निकाल त्यांच्या कोर्टात लागतो.

"शहामृगाचं आहे, आई. पिसं उपटलेल्या जागी फोड असतात, त्याने हात घसरत नाही."

"फोड आलेलं कातडं पैसे देऊन?"

"पाकटाचं आहे. खडबडीत, मण्यामण्यांचं. जपानी तलवारींच्या मुठींना लावायचे."

"पाकटाचं तिखलं खाल्लंय गो मी. त्याची साल काढताना जीव जायचा, आणि हे ती विकत घेतात?"

पुढचा प्रकार सरपटणाऱ्यांचा. आपल्याकडे घोरपड कायद्याने संरक्षित, तिच्या कातड्याचं नावही काढायचं नाही. शिवाय पकडीच्या बाबतीत घोरपडीचा महाराष्ट्रातला लौकिक असा की सिंहगडाच्या आख्यायिकेनंतर तिला पूलच्या टेबलावर आणणं हा तिचा अपमानच. बाजारात स्वस्तात मिळणारं खवल्यांचं चामडं बहुधा साध्या चामड्यावर ठसा मारून केलेलं असतं, म्हणजे ते दोन प्राण्यांशी खोटं बोलतं. पण खरा मुद्दा आमच्या कपाटाने निकालात काढला. खाडीचा वारा खाऊन तिथे नवऱ्याच्या बुटांवर दर ऑगस्टला बुरशीची पांढरी लव उगवते.

राहिलं लिनन. अमेरिकेतल्या जुन्या कारागिरांचा लाडका दोरा, त्याला आयरिश लिनन म्हणतात. नायलॉन येण्यापूर्वी मासेमारीची दोरीही याचीच असे. नाव आयर्लंडचं असलं तरी त्यासाठी लागणारं पीक आता मुख्यत्वे फ्रान्स-बेल्जियमकडे निघतं. आणि ते पीक म्हणजे आपलं जवस! विदर्भात बियांसाठी पेरतात तेच, फक्त धाग्यासाठीचं वाण उंच, कमी फांद्यांचं. त्याची ताटं दवात किंवा पाण्यात कुजवून खोडातून धागा सोडवतात. हे कळल्यावर माझा निर्णय झाला. ज्याची चटणी मी डब्यात नेते, ज्याचं तेल काका काठीला लावतात, त्याचाच दोरा मुठीला. घाम शोषतो, आणि भिजला की कमजोर होण्याऐवजी उलट चिवट होतो. एवढा समजूतदारपणा मी माणसांत बघितलेला नाही.

भाच्याने पापक्षालन म्हणून रीळ मागवून दिलं. काळ्यावर पांढरे ठिपके. आईंनी टोक हातात घेतलं, ओठांनी ओलं केलं, दोन्ही मुठींत ताणलं. त्यांचे वडील गिरगावात पुस्तकबांधणी करायचे, त्यामुळे दोऱ्याच्या बाबतीत त्या कुणाला जुमानत नाहीत. "चांगला आहे," त्या म्हणाल्या. आमच्या लग्नानंतर मी आणलेल्या वस्तूबद्दल हा शब्द वापरल्याचं मला आठवत नाही.

गुंडाळणार कोण? वागळे इस्टेटमध्ये शाफ्ट आणि बुश कातणारे एक मिस्त्री सापडले. त्यांनी आधी विचारलं, "हिच्यात बेअरिंग कुठे बसतं?" बसत नाही म्हटल्यावर थोडे हिरमुसले, पण ग्रीसचे हात रॉकेलने आणि मग साबणाने धुऊन त्यांनी क्यू लेथवर चढवली. पुढचं मी नाक टेबलाला लावून बघितलं. जुना नायलॉन निघाल्यावर खाली लाकडात उथळ खाच दिसली, दोऱ्याच्या जाडीएवढी, म्हणजे गुंडाळल्यावर दोरा आणि लाकूड एका पातळीत यावेत. दोऱ्याचं टोक खाचेत आडवं ठेवून गोंदाचा एक थेंब, आणि पहिले वेढे त्या टोकावरूनच. लेथ अगदी सावकाश. मिस्त्रींचा डावा अंगठा दोऱ्याला रेटत होता, वेढ्याला वेढा चिकटून, मध्ये केसही जाणार नाही असा. शेवटाला त्यांनी दोऱ्याचा एक फास आडवा ठेवला, त्यावरून वेढे घेतले, उरलेलं टोक फासात ओवलं आणि फास ओढला. टोक वेढ्यांखाली गडप. मी टाळी वाजवणार होते, पण शेजारच्या मशीनवरचा पोरगा बघत होता. पैसे घ्यायला मिस्त्री तयार नव्हते. या कामाला काय लावायचं, हे त्यांच्या दरपत्रकात नव्हतं.

घरी आणली तेव्हा मूठ काथ्यासारखी केसाळ होती. यावर दाब द्यावा लागतो, असं मी कुठूनतरी ऐकून आले होते. आईंनी काही न विचारता मैद्याची खळ शिजवली. झुरळं लागू नयेत म्हणून वडील त्यात मोरचूद घालायचे. "तू मात्र खेळता खेळता हात तोंडाला लावतेस," म्हणत त्यांनी तो बेत रद्द केला. बोटाने खळ जिरवली, मग लोणच्याची रिकामी बरणी आडवी धरून वरून खाली असा दाब दिला की माझ्याऐवजी क्यूलाच घाम फुटावा. वाळल्यावर दोऱ्याचे वेढे चपटे होऊन एकजीव झाले. हात फिरवला तर गुळगुळीत, पण निसटता नाही.

काकांनी बघितली, नखाने टोचली. "काम चोख आहे," म्हणाले, आणि लगेच, "घाम येतो तो तुमच्या पुढच्या हाताचा त्रास आहे. काठी त्या हातावरून सरकते, तिथे चिकटली की संपलं. त्याला तीन बोटांचा हातमोजा मिळतो, दोनशे-तीनशेत." हे त्यांनी आत्ता सांगितलं. हातमोजा आता मागवलाय. काळा मिळतो आणि निळा, कापड दोन प्रकारचं, भाच्याशी बोलणी चालू आहेत.

रिळावर बराच दोरा उरला होता. एका दुपारी बँकेतून आले तर आईंच्या काठीची वाकडी मूठ काळी-पांढरी झालेली. लेथशिवाय, हाताने, टोक आत लपवून. त्या काठीवर त्या अंगाचा सगळा भार टाकतात आणि मूठ चांगली घट्ट आवळतात.

"लॉबीत परवा ओलं होतं, तरी सुटली नाही हातातून," त्या म्हणाल्या. "तुझा कसा चाललाय गो खेळ?"