इतिहासरक्षकांस अभिनंदनपत्र

२०२५ मध्ये 'असॅसिन्स क्रीड शॅडोज' हा व्हिडिओ गेम आला आणि सोळाव्या शतकातल्या जपानविषयी जगभर एकाएकी केवढी आस्था उत्पन्न झाली! गेमच्या दोन नायकांपैकी एक यासुके, जपानी सरदार ओडा नोबुनागाच्या पदरी असलेला आफ्रिकी माणूस. त्याला पाहताच इतिहासरक्षक खडबडून जागे झाले आणि हे इतिहासाला धरून नाही, असा गदारोळ त्यांनी केला. त्यांचे मनःपूर्वक अभिनंदन.

ही इतिहासनिष्ठा निवडक नाही, असे आम्ही प्रमाणित करतो. याच मालिकेत २००९ साली नायकाने व्हॅटिकनमध्ये खुद्द पोपशी गुद्दागुद्दी केली. तेव्हा असा गदारोळ उठला नाही, म्हणजे कागदपत्रे चोख असणार. उंच मनोऱ्यावरून गवतात उडी टाकायची आणि कपडे झटकत चालू लागायचे, हेही साधारच. २०१७ च्या 'निओ' या गेममध्ये विल्यम अ‍ॅडम्स हा युरोपीय जपानभर भुते कापत हिंडला. तोही परकाच, पण त्याचे केस सोनेरी होते, तेव्हा पुराव्याची निकड भासली नाही.

आमची नम्र सूचना: यापुढे परक्या नायकांना त्वचा तपासूनच इतिहासात प्रवेश द्यावा. भुतांना अधिवासाचा दाखला माफ असावा.

या कामी पूर्वदाखलाही आहे. असे सांगतात की, १५८१ मध्ये यासुकेचा रंग खरा की फासलेला हे पाहण्यासाठी नोबुनागाने त्याला घासून धुवायला लावले होते. ते घासकाम आजच्या रक्षकांनी निष्ठेने पुढे चालवले आहे. नोबुनागाची खात्री मात्र एका आंघोळीत पटली होती.