आधी सोल, मेल्या!

रत्नागिरीकडच्या एका घरात टीव्हीवर 'कास्ट अवे' लागला होता. विमान पॅसिफिकमध्ये कोसळलेलं, फेडेक्सचा अधिकारी चक नोलंड निर्मनुष्य बेटावर एकटा, आणि भुकेने हैराण होऊन तो नारळ खडकावर आपटतोय. नातवंडं श्वास रोखून बसलेली. आजींचा वेगळाच जीव वरखाली. "आधी सोल, मेल्या! सोडणासकट आपटून फुटतो होय नारळ?"

चक झालेल्या टॉम हँक्सला हे ऐकू जाण्यातलं नव्हतं. तो होता फिजीच्या मोनुरिकी बेटावर. सुटलेल्या पोटाचा साहेब रंगवून झाला, आणि मग बेटावरची चार वर्षं अंगावर दिसावीत म्हणून चित्रीकरण वर्षभर थांबवलं. हँक्सने दाढी वाढवली, वीसेक किलो वजन उतरवलं. दिग्दर्शक रॉबर्ट झेमेकिसने तेवढ्या अवधीत तीच मंडळी घेऊन 'व्हॉट लाइज बिनीथ' हा भुताचा आख्खा सिनेमा उरकला. पाहुणे आंघोळीला गेले की घरची बाई तेवढ्यात पोहे फोडणीला टाकते, तसा.

बेटावरच्या प्रसंगांना पार्श्वसंगीत नाही. पक्षी, किडेही मुद्दाम गप्प ठेवलेत. नुसता वारा आणि लाटा. "रातकिडासुद्धा नाही? मग झोप कशी लागते त्याला?" इति आजी.

सोबतीला एक व्हॉलीबॉल. चकच्या रक्ताळलेल्या पंजाचा ठसा हाच त्याचा चेहरा, आणि छापलेलं कंपनीचं नाव तेच त्याचं नाव: विल्सन. पटकथाकार विल्यम ब्रॉइल्स अभ्यासासाठी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर काही दिवस एकटे राहिले होते, तेव्हा असाच एक चेंडू वाहत आला होता म्हणे. पुढे हँक्सला ऑस्करचं नुसतं नामांकन मिळालं, बाहुली रसेल क्रो घेऊन गेला. चेंडूला मात्र अमेरिकी समीक्षकांनी 'सर्वोत्कृष्ट निर्जीव वस्तू' असा खास पुरस्कार दिला, आणि २०२१ साली लंडनच्या लिलावात चित्रीकरणातल्या चेंडूंपैकी एक दोन लाखांहून जास्त पौंडांना गेला.

तराफा बांधायची वेळ आली तेव्हा चक झाडांच्या साली सोलून दोर वळू लागला. आजी उठूनच उभ्या राहिल्या. एवढे नारळ फोडले, त्यांची सोडणं टाकली कुठे याने? भिजवून, कुटून काथ्या काढायला चार वर्षं पुरली नसती?

शेवटी भर समुद्रात विल्सन तराफ्यावरून सुटून वाहत गेला. चक हंबरडा फोडून रडला, नातवंडंही रडली. आजींनीसुद्धा डोळ्याला पदर लावला.

"काथ्याने बांधला असतान, तर सुटला नसता तो."