नानाचा लूप

‘एखाद्या रविवारी राजगडावरून धार धरून तोरण्याला जाऊ आणि रात्रीपर्यंत घरी येऊ,’ असं कुणीतरी चहा पिताना सहज बोलून जातो. बोलणारा ते विसरतो, ऐकणारेही विसरतात. नाना विसरत नाही. त्याच रात्री साडेअकराला ग्रुपवर एक्सेलची फाइल येऊन पडते. फाइलचं नाव ‘राजगड तोरणा लूप अंतिम ३’. आधीच्या दोन अंतिम कुणीच पाहिलेल्या नसतात.

पुण्यातल्या प्रत्येक ट्रेकिंग ग्रुपात एक नाना असतो. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, पोट थोडं सुटलेलं, गुडघे शाबूत, गळ्यात शिट्टी. वहिनींनी दळण आणायला सांगितलं तर तीन दिवस विसरेल, पण पाली दरवाज्याच्या पायऱ्या कुठे तुटल्या आहेत ते झोपेतही सांगेल. फाइलची सुरुवात पहाटे ४.१० पासून होते. ‘५.२५ ते ५.३२ : चेलाडी फाटा, चहा (उभ्याने)’. त्याच्या पुढची ओळ, ‘लघुशंका, ४ मिनिटे, सामुदायिक’. डिसेंबरात सूर्य सातला उगवतो आणि सहाला बुडतो, म्हणजे उजेड जेमतेम अकरा तासांचा. त्यातलं एक मिनिटही नानाने मोकळं सुटू दिलेलं नसतं.

हा सगळा हिशेब विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गृहस्थाच्या जिवावर चालतो. त्याने १८९२ मध्ये नियम घालून दिला की दर ३ मैलांना एक तास धरा आणि दर २००० फूट चढाला आणखी एक तास. नानाला हा नियम पाढ्यांसारखा पाठ आहे. मात्र नेस्मिथने संजीवनी माचीच्या चिलखती बुरुजांवर एकाच पोझमध्ये चौदा फोटो काढणारे जावईबापू पाहिले नव्हते, हे ध्यानात घेऊन नाना उत्तराला १.४ ने गुणतो. गावकऱ्यांच्या अंदाजासाठी त्याच्याकडे वेगळा गुणक आहे. राजगडाच्या पायथ्याच्या गुंजवण्यातल्या एखाद्या मामांना विचारलं, “मामा, तोरणा किती लांब?” तर मामा हनुवटीनेच दिशा दाखवतात. “ह्ये काय, पल्याड. दोन तासांत जाताल.” मामांच्या पायांना ते खरंच दोन तास असतात. दोन्ही गडांमधलं अंतर सरळ रेषेत ७ किलोमीटरच्या आसपास आहे, पण सरळ रेषेत कावळे जातात. नाना मामांच्या तासांना अडीचने गुणून वहीत लिहून ठेवतो. आणि खरं सांगायचं तर हे उत्तर नेस्मिथपेक्षा जवळ येतं.

आधी राजगड की आधी तोरणा, यावर एक संध्याकाळ जाते. तोरणा पश्चिमेला. राजगडाकडून निघालं तर सकाळचं ऊन पाठीवर आणि दुपारचं डोळ्यांत. उलट दिशेने गेलं की हिशेबही उलटा. शिवाय आधी राजगड केला तर दमलेल्या पायांनी बुधला माचीला भिडावं लागतं, आणि आधी तोरणा केला तर अंधारून येताना चोर दरवाज्याने उतरावं लागतं. एक्सेलमध्ये ‘सूर्य’ नावाचा वेगळा रकाना आहे. शेवटी निकाल राजगडाच्या बाजूने लागतो. कारण सूर्याचं सांगितलं जातं. खरं कारण तोरण्याच्या पायथ्याला वेल्ह्यात संध्याकाळी मिळणारी गरम भजी हे असावं, असा मला दाट संशय आहे.

नाना खरा कळतो तो ‘लूप’ या शब्दापाशी. गेल्या वाटेने परत येणं म्हणजे त्याच्या लेखी तह करून परत येणं. चढायचं गुंजवण्यातून, उतरायचं वेल्ह्यात, आणि तरी फेरी गुंजवण्यातच पुरी व्हायला हवी. नकाशावर दोन्ही गावं शेजारी दिसतात, पण गाडीरस्ता मार्गासनीला वळसा घालून जातो. माणसं नऊ, गाड्या दोन. एक गाडी पहाटेच वेल्ह्यात ठेवायची म्हटलं तर ती ठेवणाऱ्याला परत कोण आणणार? आणणारा गेला तर बाकीच्यांना गुंजवण्यात कोण सोडणार? वाघ, शेळी आणि गवताचं कोडं लहानपणी सुटलं नसेल त्याने या बैठकीला येऊच नये. शेवटी एक धडधाकट तरुण मेंबर जांभई देत म्हणतो, “नाना, संध्याकाळी वेल्ह्यातून जीप करू की.”

नाना चष्मा काढतो. “आणि नाही मिळाली तर?”

नानाचं सगळं तत्त्वज्ञान या एका प्रश्नात आहे. विजेरी आहे, पण नाही लागली तर? वाट मळलेली आहे, पण कारवीच्या झुडपांत नाही दिसली तर? म्हणून त्याच्या पिशवीत दोन विजेऱ्या, तीन पुड्या इलेक्ट्रॉल, नायलॉनची दोरी आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाची झेरॉक्स असते. ही झेरॉक्स इतकी जुनी की घडीवर आलेलं एक गाव केव्हाच पुसलं गेलंय. आग्या मोहोळाच्या धास्तीने सेंट-डिओडरंटला बंदी. पहाटे पावणेपाचला नाना प्रत्येकाच्या जवळ जाऊन हुंगतो. नुकतंच लग्न झालेल्या एकाला रस्त्याकडेला उभा करून मान धुवायला लावली, आणि ते पाणी त्याच्या कोट्यातून वजा केलं.

प्रत्यक्ष ट्रेकबद्दल फार सांगण्यासारखं नसतं. आळू दरवाज्यातून बाहेर पडेपर्यंत सगळे पावणेदोन तास मागे असतात. नाना जाहीर करतो, “बफर खाल्ला.” धारेला एक डांबरी रस्ता आडवा येतो. तिथे एक मावशी लिंबू सरबत घेऊन बसलेल्या. फाइलमध्ये मावशी नाहीत. सगळे फतकल मारून बसतात, दुसरा ग्लास मागतात. एकटा नाना कागद हातात धरून उभा. मावशी त्याला म्हणतात, “बसा की वाईच, डोंगुर काय पळून जात न्हाई.” तो बसत नाही, पण सरबत पितो, उभ्यानेच. पुढे तोरण्याच्या अंगाची शिडी चढून बुधल्याखाली पोचलं की मागे अख्खा राजगड पसरलेला दिसतो. बालेकिल्ला, माच्या, दिवसभर तुडवलेली धार, सगळं एका नजरेत. माणसं गप्प होतात. नानाही वळून बघतो. त्याचे ओठ हलत असतात. “सात, आठ... नववा कुठाय?”

अंधार पडल्यावर वेल्ह्यात उतरलो तर आमची वाट बघत तीन वाहनं उभी. एक गाडी पहाटे ठेवलेली होती. ती चालू झाली नाही तर म्हणून मेहुण्याची मोटारसायकल आदल्या दिवशीच आणून ठेवलेली. आणि मोटारसायकलवर नऊ माणसं मावली नाहीत तर म्हणून जीपवाल्याला दुपारी फोन केलेला. गाडी पहिल्या किल्लीला सुरू झाली, उरलेले जीपमध्ये बसले, भजी सगळ्यांनी खाल्ली. मोटारसायकलवर पाय टाकायची ताकद कुणाच्याच मांड्यांत उरली नव्हती. तेव्हा ती राहिली वेल्ह्यात. ती परत आणायला पुढच्या रविवारी जायचं आहे, आणि ‘अंतिम ४’ मध्ये तिच्यासाठी उलट दिशेचा लूप आखलेला आहे.

तुमच्या ग्रुपात असा नाना असेल तर त्याची वेळापत्रकं खुशाल बाजूला ठेवा, त्याच्या गुणकांना हसा, हुंगायला आला की श्वास रोखून उभे राहा. फक्त फाइलच्या तळाशी ठळक अक्षरात ‘माणशी ४ लिटर’ असं लिहिलेलं असतं, ते जसंच्या तसं पाळा. राजगड सोडल्यापासून तोरण्यापर्यंतच्या धारेवर भरवशाचं पाणी नाही, आणि मावशी रोज बसत नाहीत.