बिल चढतंय, ठेवतो!

आमचे काका नातेवाइकांना एसटीडी कोडवरून ओळखतात. आत्या म्हणजे ०७१२, मामा म्हणजे ०२३१. गाव जितकं लांब तितका पल्स आखूड आणि बिल जास्त, हा नियम त्यांना पाढ्यासारखा पाठ होता. पुण्याहून कोल्हापूरला बोलताना ते विशेषणं गाळत, नागपूरला बोलताना क्रियापदंही.

रात्री उशिरा दर पावावर येई. त्यामुळे आमच्या घराण्यातल्या सोयरिकी आणि भाऊबंदकी, दोन्ही पीसीओच्या पिवळ्या पाटीखाली जांभया देत पार पडल्या. काचेच्या खोक्यात मीटरचे लाल आकडे पळायचे आणि त्यांच्याकडे बघत काका ‘अरेरे, अरेरे’ करायचे. तिकडे आत्याला वाटायचं, भाऊ किती हळवा!

१९९५ मध्ये मोबाइल आला, तेव्हा येणाऱ्या फोनलाही पैसे पडत. बोलणार दुसरा आणि बिल भरणार आपण, हे काकांच्या तत्त्वात बसेना. २००३ मध्ये इनकमिंग फुकट झालं, तेव्हा कुठे त्यांनी मोबाइल घेतला. तोही मिस्ड कॉल देण्यासाठी. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे तू फोन कर.

आता कोडचं महत्त्व गेलं, तर काकांनी नव्या नंबरांचा अभ्यास मांडलाय. ते लग्नाच्या भाषेत समजावतात. ‘१८०० म्हणजे सगळा खर्च समोरच्या पार्टीचा. आपण नुसतं जेवायला जायचं, फक्त पंगत कधी बसेल ते विचारायचं नाही. १८६० दिसायला त्याचा सख्खा भाऊ, पण तिथे आपला वाटा आपण उचलायचा. अमर्यादित पॅकमध्ये तो धरतीलच असं नाही. १४० म्हणजे जाहिरातवाले, हे बिनआमंत्रणाचे पाहुणे. आणि बँकांच्या, सरकारी कामाच्या फोनसाठी १६०० काढलाय, ती खरी वऱ्हाडी मंडळी.’ परदेशातून अनोळखी मिस्ड कॉल आला तर उलट फोन करायचा नाही, हे ते बजावतातच. मिस्ड कॉलनं दुसऱ्याला खर्चात पाडण्याची विद्या जगभर पसरली, याचा त्यांना थोडा अभिमानही वाटत असावा.

पण खरी पंचाईत बोलणं फुकट झाल्यावर झाली. ‘एसटीडी आहे, ठेवतो’ हे कवच होतं. त्यानं कोणी दुखावत नसे. उलट जपून खर्च करणारा माणूस म्हणून मान मिळे. आता आत्या गुडघ्यापासून सुरुवात करून जावेच्या सुनेपर्यंत पोचते, तरी बिल जागचं हलत नाही. तिला थांबवायचं कुठल्या तोंडानं?

काकांनी शेवटी इतरांचं बघून ‘रेंज जातेय’ सुरू केलं. परवा त्यांनी हेच कारण घरच्या लँडलाइनवर दिलं.

‘हो रे, इकडेही जातेय,’ म्हणत आत्यानं आधी फोन ठेवला.