चिबडाचं तिकीट

चुडाव्याला कालव्याच्या खालच्या अंगाला आमचा दीड एकराचा एक तुकडा आहे. कालवा आला, पाणी पाझरलं आणि जमीन चिबडली. कापूस लावला तर पिवळा पडतो, सोयाबीन मुळातून नासतं. लव्हाळा आणि पाणकणीस मात्र न लावता येतं. वडील म्हणायचे, हा तुकडा फुकट दिला तरी कुणी घेऊ नये. एकदा आमचा बैल त्यात पोटापर्यंत रुतला होता. त्याला ओढून काढायला निम्मं गाव लागलं आणि उरलेलं निम्मं सल्ला द्यायला आलं.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे गेल्या ऑक्टोबरात आम्ही दोघं मुलाकडे ह्यूस्टनला होतो. एका संध्याकाळी तो म्हणाला, “बाबा, आरव्ही भाड्याने घेतलीय. लुइझियानाला जाऊ, स्वॅम्प बघू.”

“स्वॅम्प म्हणजे?”

“दलदल हो. पाण्यात उभं असलेलं जंगल.”

“म्हणजे चिबड.”

तो काही बोलला नाही. तिकीट आधीच काढून झालं होतं, हे मला नंतर कळलं.

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. आमच्या हिने पहिल्याच दिवशी तिला ‘घरगाडी’ म्हणून टाकलं आणि पुढे सगळे तेच म्हणू लागले. आत शेगडी, फ्रिज, न्हाणी, ड्रायव्हरच्या डोक्यावर माळ्यासारखा पलंग. मला ती बघून माळेगावच्या जत्रेला जाणारी आमची बैलगाडी आठवली. तिच्यातही सगळा संसार असायचा. साट्यावर कडब्याची गादी, खाली टांगलेला कंदील, मागे बांधलेली घागर. वाटेत तीन दगड मांडले की स्वयंपाकघर तयार. फरक एवढाच की तिच्या मागे टाकी नव्हती. टाकीचं पुढे येईलच.

पहिला मुक्काम ब्रो ब्रिज नावाच्या गावाजवळ पडला. हे गाव झिंग्यासारख्या क्रॉफिशसाठी प्रसिद्ध. १९५९ साली राज्याच्या विधिमंडळाने त्याला जगाची क्रॉफिश-राजधानी ठरवून टाकलं. (असा ठराव करायचा तर चुडाव्याला कशाची राजधानी करावी, याचा विचार मी बराच वेळ केला. काही सुचलं नाही.) सकाळी हिने घरगाडीत धपाटे लावले आणि चटणीसाठी लसूण-मिरचीची फोडणी दिली. त्याबरोबर छतावरचा धुराचा भोंगा असा कोकलायला लागला की शेजारच्या घरगाड्यांमधून माणसं दात घासायचे ब्रश तोंडात धरून बाहेर आली. सूनबाई टॉवेलने भोंग्याला वारा घालतेय, नात कानात बोटं घालून हसतेय आणि ही शांतपणे म्हणतेय, “जरा ओरडू द्या त्याला, धपाटा जळंल.”

दहा वाजता लेक मार्टिन नावाच्या तळ्यावर होडीत बसलो. तिकीट माणशी तीस डॉलर. पाच जणांचे मिळून साडेबारा हजार रुपये झाले. एवढ्यात माझ्या तुकड्यात चर खणून सगळं पाणी काढून देता आलं असतं. पण हा हिशेब मी मनातच ठेवला, म्हणजे फक्त हिला सांगितला.

आता खरं सांगतो, होडी झाडांत शिरली आणि माझा हिशेब थांबला. काळं, न हलणारं पाणी आणि त्यात उभी सायप्रसची झाडं. बुंधे खाली घागरीसारखे फुगलेले. बुंध्याभोवती पाण्यातून लाकडाचे खुंट वर आलेले. त्यांना तिकडे गुडघेच म्हणतात. ही म्हणाली, “बघा, झाडाचे बी गुडघे निघालेत. पाण्यात उभं राहून राहून.” फांद्यांवरून साधूच्या जटांसारखं करडं काहीतरी लोंबत होतं. त्याचं नाव स्पॅनिश मॉस, पण ते ना स्पेनचं, ना शेवाळ. ते निघालं अननसाच्या भाऊबंदांतलं. पूर्वी ते वाळवून गाद्यांत भरायचे. एका ओंडक्यावर मगर ऊन खात पडली होती. तिथली ॲलिगेटर जातीची मगर शिकारीने इतकी कमी झाली की १९६७ साली तिला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत घालावं लागलं. १९८७ साली ती यादीतून बाहेरही आली. आमच्याकडे यादीत नाव येतं, निघत नाही.

आणि मग एका वळणावर जलपर्णी दिसली. तीच, फुगीर देठांची, जांभळ्या फुलांची, नांदेडला गोदावरीत हिरवा गालिचा अंथरणारी. परक्या मुलखात गावचा उधारी बुडवलेला माणूस भेटावा तसं झालं. मूळची ती दक्षिण अमेरिकेची. न्यू ऑर्लिन्सला १८८४ साली कापसाचं मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं, त्यात लोकांनी फूल छान दिसतं म्हणून ती घरी नेली आणि तिथून ती पाण्यात पसरली, असं सांगतात. कापसाच्या निमित्ताने घरात घुसलेलं संकट म्हटल्यावर परभणीच्या माणसाला पुढचं समजावून सांगावं लागत नाही. तिने नद्या इतक्या बुजवल्या की १९१० साली लुइझियानाचे खासदार रॉबर्ट ब्रूसार्ड यांनी अमेरिकन काँग्रेसमध्ये विधेयक मांडलं, आफ्रिकेतून पाणघोडे आणावेत. पाणघोडे जलपर्णी खातील, लोक पाणघोडे खातील. मांसाची टंचाई आणि जलपर्णी, दोन्ही प्रश्न मिटले! विधेयक बारगळलं. मला मात्र ती योजना आपल्याकडच्या बऱ्याच योजनांपेक्षा बरी वाटली, तिच्यात निदान शेवटी खायला तरी काही होतं.

दुपारी जेवायला गंबो घेतला. भातावर वाढलेला दाट, काळपट रस्सा. एक तुकडा दाताखाली आला आणि मी चमचा थांबवला. भेंडी! गंबो हा शब्दच मुळी आफ्रिकेतल्या भेंडीच्या नावावरून आलेला. गुलाम करून आणलेल्या माणसांबरोबर तो इथवर पोचला. दहा हजार मैलांवर येऊन भेंडीचा रस्सा खायचा तर मग घरीच काय वाईट होतं, असं हिचं म्हणणं पडलं. तरी तिने दुसऱ्यांदा वाढून घेतला.

तिथून बॅटन रूजकडे निघालो की अचाफलाया खोरं लागतं. हे नाव चोक्टॉ लोकांच्या भाषेतलं, अर्थ ‘लांब नदी’. दलदलीवरून जाणारा महामार्गाचा पूल १९७३ साली खुला झाला, लांबी १८.२ मैल, म्हणजे सुमारे २९ किलोमीटर. पूर्णा ते नांदेड जवळपास एवढंच. त्यात आमची पॅसेंजर चुडाव्याला थांबते, लिंबगावला थांबते. इथे खाली नुसतं पाणी आणि झाडं, आणि उतरायला दोन फाटे. त्यातल्या एकाचं नाव व्हिस्की बे. मी मुलाकडे पाहिलं. मुलाने रस्त्याकडे पाहिलं.

पुलावरून जाताना त्याने एक गोष्ट सांगितली. मिसिसिपीला म्हणे आपला जुना मार्ग सोडून या अचाफलायातून समुद्राला जायचंय, कारण ही वाट जवळची. तसं झालं तर न्यू ऑर्लिन्सची मुख्य धारच जाईल. म्हणून १९६३ साली वर दरवाजे बांधले आणि ठरवून टाकलं, पाण्याचा तीस टक्के वाटा अचाफलायाला, सत्तर मिसिसिपीला. एवढ्या मोठ्या नदीला आवर्तन लावून दिलेलं ऐकून मला फार बरं वाटलं. शेवटच्या टोकाला पाणी पोचतं का, एवढं मात्र मी विचारलं.

आता टाकी. संध्याकाळच्या मुक्कामावर घरगाडीच्या दोन टाक्या रिकाम्या करायच्या होत्या. एक भांड्याकुंड्यांच्या पाण्याची करडी, दुसरी काळी. काळीत काय असतं ते नावावरून समजा. काळी आधी सोडायची, मग करडी, म्हणजे तिच्या पाण्याने पाईप धुतला जातो. मुलगा हातमोजे घालून, मोबाईलवर कृती लावून, ऑपरेशनला निघाल्यासारखा खाली वाकला. पाईपाचा सांधा नीट बसला नव्हता. पुढचा अर्धा मिनिट मी लिहीत नाही. शेजारच्या गाडीतल्या म्हातारबाई काही न बोलता पाण्याची नळी आणि साबणाची बाटली घेऊन आल्या; हे त्यांना नवं नव्हतं, ते त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पहाटे टमरेल घेऊन रुळांच्या कडेने जाणाऱ्या माणसाचा नातू हा. दोन पिढ्यांत आमची एवढी प्रगती झाली की आता ते आम्ही बरोबर घेऊन हिंडतो.

अंधार पडला तसे बेडूक ओरडायला लागले. आवाज इतका ओळखीचा की मी खुर्ची बाहेर घेऊन बसलो. ही आतून म्हणाली, “अहो, झोपा की. काय ऐकायलाव एवढं?”

“आपलं चिबड,” मी म्हणालो.

परत आल्यावर त्या तुकड्यात चर खणायचं मी तूर्त लांबणीवर टाकलंय. बगळे असतात, पाणकावळे येतात, बेडूक तर लुइझियानाच्या तोडीस तोड. तिकीट नाही. पॅसेंजरने या, चुडाव्याला उतरा आणि कालव्याच्या कडेने या. चपला मात्र हातात घ्या.