दुचाकीच्या चेनचे वंगण : निवड, विधी आणि पथ्यपाणी

कोल्हापुरात चेनला तेल घालायला बसलेला माणूस फार वेळ एकटा राहत नाही. म्हणून वंगण निवडण्याआधी जागा निवडावी. परसदार उत्तम. तिथे फक्त आई येते आणि तिचा प्रश्न एकच असतो, "त्ये फडकं कुठलं घेतलंस?" गल्लीच्या तोंडाला गाडी डबल स्टँडवर चढवलीत, तर पाच मिनिटांत तज्ज्ञ समिती भरते आणि तिला चहा पाजावा लागतो. माझी पाहणी मंगळवार पेठेपुरती आहे. शिवाजी पेठेत वेगळं काही घडत असेल असं वाटत नाही, फक्त आवाज थोडा चढा असेल.

समितीत सर्वांत ज्येष्ठ ते जळक्या ऑइलवाले. "आरं, इंजिनात चाललं ते चेनला का न्हाई चालायचं?" युक्तिवाद बिनतोड वाटतो, कारण ऑइल फुकट असतं. सर्व्हिसिंगला काढलेल्या त्या काळ्या द्रवात इंजिनातली काजळी असते, धातूचा बारीक कीस असतो. चेनला ते लावणं म्हणजे पातळ केलेली कानस लावणं. पण हे बोलून दाखवू नये. "आमच्या राजदूतला बावीस वर्षं ह्येच घातलंय," असं उत्तर येतं. ती राजदूत आता कुठे आहे, हे विचारणं शिष्टाचाराला धरून नाही.

ग्रीसवाले मनाने उदार. बोटभर ग्रीस घेऊन ते चेन अशी लिंपतात की कडी कुठली आणि पट्टी कुठली ते कळू नये. चार दिवस गाडी लोण्यासारखी चालते. मग रस्त्यावरची धूळ, उसाच्या ट्रॉलीतून सांडलेला पाला आणि पावसाळी चिखल त्या ग्रीसवर येऊन बसतो. खासबागेच्या हौद्यात तांबड्या मातीत तेल, ताक, लिंबू, हळद कालवून माती मऊ करतात, ती पैलवानाला लागू नये म्हणून. तुमच्या चेनवर तयार होणारा हौदा बरोबर उलट काम करतो. त्यात रोज कुस्ती होते आणि रोज चेनच चितपट होते.

प्रत्येकाला उद्यमनगरात एक मावसभाऊ असतो. नसेल तर शिरोलीला किंवा गोकुळ शिरगावला एमआयडीसीत असतो. तो पाण्याच्या बाटलीत काहीतरी घेऊन येतो आणि खालच्या आवाजात म्हणतो, "अडुसष्ट नंबर हाय." हे मशीनचं हायड्रॉलिक ऑइल. माल अस्सल, पण पातळ. चाकाने वेग घेतला की ते चेन सोडतं आणि रिमवर, मडगार्डवर, शेवटी मागे बसलेल्या माणसावर स्थिरावतं. आमच्या घरात एका साडीच्या काठावर अशी काळी रेघ आहे. तिच्यावरचा खटला अजून निकाली निघालेला नाही.

तरुण पिढी स्प्रेवाली. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, कारण ते डब्यावरचं वाचतात. फक्त पूर्ण वाचत नाहीत. चेनलूबमध्ये वंगण पातळ करणारं द्रावण असतं. ते आत शिरेपर्यंत पातळ राहतं, मग उडून जातं आणि मागे चिकट थर उरतो. याला वेळ लागतो, म्हणून आदल्या रात्री मारून ठेवायचं. ही मंडळी रविवारी पहाटे सहाला मारतात आणि सहा वाजून पाच मिनिटांनी गगनबावड्याकडे सुटतात. कळे येईपर्यंत चेन कोरडी, रिम तुकतुकीत. पुढचं काम गगनबावड्याचा पाऊस करतो.

निळ्या-पिवळ्या डब्यातल्या डब्ल्यूडी-४० विषयी वेगळा इशारा हवा. १९५३ साली अमेरिकेत हे बनवलं ते पाणी हटवून गंज रोखायला. नावाचा अर्थच तो : पाणी हटवणे, ४० वा प्रयत्न. घाण सोडवायला, ओली चेन पुसायला ते चांगलं. पण फक्त त्यावर भागवणं म्हणजे अंघोळ घालून माणसाला उपाशी कामावर धाडणं.

आता थोडा शास्त्रार्थ; समितीतल्यांनी हा भाग गाळावा. हान्स रेनॉल्ड नावाच्या स्विस माणसाने मँचेस्टरला १८८० मध्ये जी रोलर चेन काढली, तीच थोड्याफार फरकाने आपल्या गाडीला आहे. शंभरावर कड्या. प्रत्येक कडीत पिन, पिनेवर बुश, बुशवर फिरणारा रोलर. झिजतात ते पिन आणि बुश. प्रत्येक सांध्यात केसभर झीज झाली की सगळी चेन बोटभर लांब होते. लोक म्हणतात 'चेन ताणली', पण लोखंड ताणलेलं नसतं, आतून खाल्लेलं असतं. म्हणजे तेल जायला हवं पट्ट्यांच्या फटीत. वरून चकाकणारी चेन ही तेल लावलेल्या केसांसारखी आहे, तिच्याकडे बघून डोक्यातलं काही कळत नाही.

महागड्या गाड्यांच्या चेनमध्ये पट्ट्यांच्या मधे रबरी रिंगा असतात आणि ग्रीस कारखान्यातच आत कोंडलेलं असतं. अशा चेनला बाहेरचं तेल लागतं ते रोलरसाठी, गंजासाठी आणि रबर नरम राहावं म्हणून. तिला पेट्रोलने धुऊ नये आणि तारेच्या ब्रशने घासू नये. रबर खराब झालं की आतलं ग्रीस जातं, आणि मग कुठलाही स्प्रे ते परत आत घालू शकत नाही. रॉकेल चालतं. पण रेशनचं निळं रॉकेल आता देवघरातल्या गंगाजलासारखं झालंय. ज्याच्याकडे आहे तो कबूल करत नाही.

एरंडेलाचं नाव काढलं की तरुण हसतात. आजोबा बैलगाडीच्या आखाला एरंडेल घालायचे, आणि जगभर ऑइल विकणाऱ्या कॅस्ट्रॉलच्या नावातही एरंडेलच दडलंय. १९०९ मध्ये ते नाव ठेवलं तेव्हा त्या ऑइलमध्ये एरंडेल खरोखरच होतं. तरी ते चेनला घालू नका, राळेसारखं चिकटतं. खोबरेल तर नकोच. थंडीत ते बाटलीत गोठतं, तसंच कडीतही.

ताण मोजायलाही विसरू नये. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट, हे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ असतं. आपल्या चेनचा ताण किती हवा हे मात्र त्याच्या बापालाही ठाऊक नसतं. रोजच्या वापरातल्या बऱ्याच गाड्यांना चेन मधोमध वर-खाली २० ते ३० मिलिमीटर हलावी लागते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात सापडेल. पुस्तक डिकीत, विम्याच्या कागदांखाली.

आणि चाक हातानेच फिरवायचं. इंजिन चालू करून, गिअर टाकून फिरत्या चेनला फडकं लावणारे महाभाग आहेत. एका फिटरच्या डाव्या हाताला साडेतीन बोटं आहेत. त्याला वंगणाबद्दल काही विचारलं की तो आधी हात दाखवतो.

एवढा अभ्यास करून मी परवा पहाटे गंगावेशीत दूध प्यायला गेलो. तिथे म्हशी कट्ट्यावर येतात आणि धारोष्ण दूध समोरच पेल्यात पडतं. धार काढून झाल्यावर एक मामा आपल्या जुन्या मोटरसायकलपाशी उकिडवे बसले. खिशातून त्यांनी जनावरांना टोचायची जाड सिरिंज काढली. सुई मोडलेली, आत मधाच्या रंगाचं ऑइल, त्याला तो गंधकासारखा उग्र वास. मी वासावरूनच ओळखलं : नव्वद नंबर, गिअरबॉक्सचं. अनेक कंपन्यांच्या पुस्तकांत चेनसाठी हेच लिहिलेलं असतं. मामांनी डाव्या हाताने चाक उलटं फिरवत चेनच्या आतल्या बाजूने, प्रत्येक कडीच्या फटीत एकेक थेंब सोडला. एक फेरी डावीकडून, एक उजवीकडून. मग थोडा वेळ म्हशीशी बोलले. मग फडक्याने वरचं सगळं पुसून काढलं. चेन अशी दिसू लागली, जणू तिला काही लावलंच नाही.

"मामा, ऑइल कुठलं?" मी विचारलं.

"ट्रॅक्टरात घालून उरल्यालं."

ही माहिती मी समितीला जशीच्या तशी सादर केली. त्या दिवसापासून बैठक रोज भरते. ट्रॅक्टर कुठल्या कंपनीचा, यावर दोन गट पडले आहेत, आणि माझी गाडी अजून डबल स्टँडवर आहे.